पुंगुझा किदोगो

तिचं नाव म्वानाईदी. ईदच्या दिवशी जन्मलेली.
पहिल्या रात्री ते कुणाच्याच तोंडात मावेना,
नाहिदने शेवटचं तेवढं ठेवून घेतलं : ईदी.
"ईदी आली म्हणजे खिशाला भोक," हे म्हणाले,
आणि मी यांच्या पानात मुद्दाम
शेपटीकडचा तुकडा वाढला.

झांझिबारची पोर, मासे शिकायला
शिरगावच्या कॉलेजात,
आणि राहायला आमच्याकडे, राजिवड्याला.
"मासं काय शिकायचं? काटं काढायचं नि खायचं,"
म्हणत बाबा सरकले,
भिंतीला टेकायची आपली जागा तिला दिली.

खरं तर बाबांना घाई झाली होती.
अठरा वर्षं जहाजावर खलाशी,
आणि तिकडून आणलेलं एकच वाक्य.
दुकानदाराला म्हटलं की तो हसायचा,
छातीवर हात ठेवायचा,
म्हणजे दुवाच असणार.
आमच्याकडे बिस्मिल्ला झाली की
पहिला घास उचलताना बाबा म्हणतात,
पुंगुझा किदोगो.
मी लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणते. पोरंही म्हणतात.

त्या रात्री पाचही जणांनी म्हटलं.
ईदीला ठसका लागला.
पाणी दिलं, पाठ चोळली.
डोळे पुसत म्हणाली, तिखट फार.
पाहुणी म्हणून मी मिरची निम्मीच घातली होती.

मग रोजचंच झालं.
साबण? साबूनी. बर्फ? बराफू. हिशोब? हेसाबू.
गाडी? गारी.
मचवा?
माशुआ, ती म्हणाली, आणि हे चावायचे थांबले.
बाबांनी मांडी थोपटली :
"शब्द आमचा. शीड लावून तिकडं गेला."
"किंवा तिकडून इकडे आला, बाबा."
"आमच्या सुतारांनी बांधला तो!"
"आणि लाकूड कुणाचं?"
कालवण बोटांवर वाळून कडक झालं,
निकाल लागला नाही.

एकदा झैदच्या जाळ्यात आठ पायांचं ते आलं,
आम्ही खाडीत परत फेकतो ते.
तिने पायरीवर आपटलं, आपटलं,
नारळाच्या रसात शिजवलं.
"ते माझ्याकडे बघतंय," नाहिद.
"डोळे केव्हाच काढलेत."
"मग कशाने बघतंय?"
त्यावर अर्धा तास.
बाबांनी दोनदा घेतलं,
आणि दोन्ही वेळा आवडलं नाही म्हणाले.

पुढे एका दुपारी, तिसऱ्या फोडत बसलो होतो दोघीच,
तेव्हा तिने सांगितलं.
दुवा नाही ती, खाला.
बाजारात भाव करताना म्हणतात :
थोडं कमी करा.

इतकी हसले की विळीवर अंगठा कापला.
पंचवीस वर्षं, रोज दोन वेळा,
आम्ही अल्लाशी घासाघीस करत होतो
आणि तो बरकतच देत होता.
बाबांना सांगायचं नाही, ठरलं.
रात्री सगळ्यांत मोठ्याने तिनेच म्हटलं,
आणि मी तिच्या पानात भाताचा डोंगर केला.

दोन वर्षं म्हणजे किती तांदूळ.

काल तिची गाडी गेली.
बॅगेत सोलं, सुका जवळा, नाहिदने चिकटवलेली कवडी.
आज दुपारी माझ्या हाताने
सवयीने सहा मापं घेतली.
पाचजण बसलो. भिंतीकडे कुणीच नाही,
बाबाही नाहीत, ते अजून सरकूनच बसलेत.
झैद काही बोलला, ते तिथेच पडलं.
पातेल्यात भात अजून गळ्यापर्यंत.
बाबांनी एकदा पातेल्याकडे पाहिलं,
एकदा माझ्याकडे,
आणि जेवण निम्म्यावर आलेलं असताना
सावकाश म्हणाले,
पुंगुझा किदोगो.

हो बाबा, म्हटलं.
उद्यापासून.